बटणावर काय लिहायचं?

आमच्या घरी दह्याचे रिकामे डबे कुणी मुद्दाम जमवत नाही. तरी ओट्याखालचं कपाट उघडलं की पाच-सहा डबे धाडकन अंगावर येतात. माझ्या नोकरीतल्या किश्श्यांचं तसंच झालंय. मी जमवायला जात नाही. पण दार उघडायचा अवकाश!

आणि ते दार डेट्रॉइटजवळच्या आमच्या ट्रॉय गावातले काकालोक उघडतात. कुणाकडेही पॉटलक, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायचं जेवण, असलं की एक तरी काका प्लेट सावरत येतात आणि विचारतात, "मग मृणाल, तू नक्की करतेस काय?"

"काका, मी ॲपमधलं लिहिते."

"म्हणजे कोडिंग."

"नाही, शब्द. बटणावर काय लिहायचं, मेसेजमध्ये काय लिहायचं, ते."

काकांचा चेहरा पडतो. नागपूरहून एवढी शिकून आलेली मुलगी, आणि अमेरिकेत येऊन 'ओके' लिहिते! मग माझ्या इज्जतीसाठी मला एक किस्सा सांगावा लागतो. त्यातून दुसरा निघतो, आणि तोवर पावभाजी गार होते.

माणसं फार नाहीत, आधीच सांगून टाकते. आमचं ॲप डेस्क नसलेल्या लोकांसाठी आहे. म्हणजे गोदामात, हॉस्पिटलात, कारखान्यात दिवसभर उभ्याने काम करणाऱ्यांसाठी. शिफ्ट, रजा, कामांची यादी, सगळं त्यात असतं. शब्द मी लिहिते. मार्कस त्या लोकांमध्ये जाऊन बसतो आणि त्यांना काय कळलं, काय नाही ते बघतो. तो डेट्रॉइटचा, पन्नाशीचा, एकेकाळी स्वतः कारखान्यात लाइनवर उभा राहिलेला. आणि काय बनवायचं ते ठरवतो रोहन. अठ्ठावीस वर्षांचा, इथेच जन्मलेला, त्याचे आईबाबा आमच्या इथल्या मराठी मंडळातले.

*

आमची पहिली व्हिजिट होती गाड्यांच्या सुट्या भागांच्या एका गोदामात. मी नवी होते. चांगलं इम्प्रेशन पडावं म्हणून काळा ब्लेझर घातला. रोहननेही घातला. मार्कस आमच्याकडे बघून काहीतरी बोलणार होता, पण बोलला नाही. नंतर म्हणाला, "काही गोष्टी स्वतः बघितलेल्या बऱ्या!"

ब्रेकरूममध्ये आम्ही शिरलो तेव्हा पंधरा-वीस माणसं जेवत होती. तीन मिनिटांत खोली रिकामी! अर्धवट खाल्लेले सँडविच घेऊन लोक उठून गेले. एक बाई तेवढी मागे राहिली, टीना नावाची. तिने आम्हाला सरळ विचारलं, "कुणाला काढायला आलात?"

"कुणालाच नाही! आम्ही तर ॲप..."

"मागच्या वेळी ब्लेझरवाले दोघं आले होते, तेव्हा पण असंच गोड बोलले. पुढच्या सोमवारी सेकंड शिफ्ट गेली."

आम्ही गाडीत जाऊन ब्लेझर काढले. दुसऱ्या दिवशी मी जुना स्वेटर घालून गेले आणि सोबत नेला चकल्यांचा डबा. टेबलावर ठेवला, झाकण उघडलं आणि गप्प बसले. दहा मिनिटं कुणी हात लावला नाही. मग एक धिप्पाड माणूस उठला, एक चकली उचलली, उजेडात धरून चारी बाजूंनी फिरवून बघितली आणि अख्ख्या ब्रेकरूमला विचारलं,

"हा पार्ट कुठल्या मॉडेलचा आहे?"

त्या दिवशी आम्हाला एकोणीस इंटरव्ह्यू मिळाले.

*

रोहन मला मंडळात 'मृणालमावशी' म्हणतो. ऑफिसमध्ये म्हणतो 'मृणाल'. हा नियम त्यानेच केलेला, आणि मोडला पण त्यानेच! एका मोठ्या मीटिंगमध्ये, आमच्या बॉस डायॅनसमोर, त्याच्या तोंडून पटकन गेलं, "दॅट वॉज मावशीज आयडिया."

तो लाल. डायॅनने ते वहीत लिहून घेतलं. तिला वाटलं, हे माझं पद आहे.

दोन आठवड्यांनी आमच्या टीमवर काम फार वाढलं, तेव्हा डायॅन गंभीरपणे मॅनेजमेंटला म्हणाली, "मला दोन डेव्हलपर नकोत. मला आणखी एक मावशी द्या!"

*

हॉस्पिटलात सफाईचं काम करणाऱ्या डोलोरेसचा किस्सा छोटा आहे. खोली साफ झाली की ॲपमध्ये एक बटण दाबायचं. दाबलं की नर्सला कळतं आणि नवीन पेशंट येतो. सगळे दाबायचे, एकटी डोलोरेस दाबायची नाही. ती प्रत्येक वेळी लांबलचक कॉरिडॉर चालत नर्सकडे जायची आणि तोंडाने सांगून परत यायची. साठीची बाई, दिवसाला असे वीस हेलपाटे.

मार्कसने विचारलं, "बटण सापडत नाही का?"

"सापडतं की. त्यावर काय लिहिलंय ते बघ."

त्यावर लिहिलं होतं 'सबमिट'.

डोलोरेस कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी रविवारी चर्चमध्ये देवापुढे 'सबमिट' करते, शरण जाते. सोमवारी फोनपुढे जाणार नाही!"

आम्ही लिहिलं, 'खोली तयार'. तिने आमच्यासमोर ते दाबलं. तिचे हेलपाटे संपले. आणि गंमत म्हणजे बाकीचे लोकही ते बटण जास्त पटकन दाबायला लागले. त्यांना पण ते खटकत असणार. बोलली फक्त डोलोरेस.

*

एका कोल्ड स्टोरेजमध्ये गेलो होतो. आत तापमान शून्याच्या कितीतरी खाली. आम्हाला त्यांनी एवढे मोठे कोट दिले की मी आणि मार्कस चालते सोफे दिसत होतो. तिथे लुईस नावाचा एक फोर्कलिफ्ट ड्रायव्हर होता. त्याच्या फोर्कलिफ्टवर फोन लावलेला. माल उचलला की ॲपवर 'कन्फर्म' दाबायचं, की पुढचा पत्ता येतो. साधी गोष्ट.

लुईस माल उचलायचा, फोनवर वाकायचा, तोंड अगदी स्क्रीनला लावायचा आणि परत सरळ बसायचा. दर वेळी! मी मार्कसला हळूच विचारलं, "हा फोनचा पापा का घेतोय?"

जवळ गेलो तेव्हा कळलं. हातात जाड ग्लोव्ह्ज. ते घालून स्क्रीन ऐकत नाही. काढले तर बोटं बधिर होतात. म्हणून लुईस 'कन्फर्म' नाकाने दाबत होता.

मी माफी मागायला लागले तर तो म्हणाला, "नाकाचं काही नाही गं. पण तुमच्या त्या 'कन्फर्म'च्या शेजारी 'कॅन्सल' आहे ना, इतकं चिकटून? माझ्या बापाने मला दिलेलं नाक मोठं आहे. अर्ध्या वेळेला दोन्ही दाबली जातात!"

आम्ही 'कॅन्सल' तिथून उचलून पार वर नेलं. 'कन्फर्म' स्क्रीनभर पसरवलं. ग्लोव्ह्जवर चालणारे स्क्रीन मागवायला लावले, तेही आले. पण ऑफिसमध्ये तेव्हापासून एक माप रूढ झालंय. परवा एक नवीन डिझायनर रुजू झाली. तिने पहिलंच बटण दाखवलं तर रोहनने मान हलवली. "लहान आहे. किमान एक नाक पाहिजे."

तिने ते लिहून घेतलं आणि विचारलं, "एक नाक म्हणजे किती पिक्सेल?"

*

कॅरी गावचा किस्सा मी रोहनसमोर सांगत नाही, कारण तो मधेच स्वतः सांगायला लागतो.

कॅरीजवळच्या एका औषध पॅकिंगच्या प्लँटमधून तक्रार आली: तुमच्या ॲपमुळे एका वर्करने अख्खी लाइन थांबवली! मी आणि रोहन विमानाने तिथे गेलो. एका छोट्या ऑफिसात आम्हाला बसवलं. समोर तिथला सुपरवायझर, चिडलेला. त्याच्या शेजारी ट्रेनिंग बघणारी एक बाई. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत, मांडीवर पर्स घट्ट धरून, ताठ बसलेल्या एक साठीच्या बाई. बॅजवर नाव 'शैला'.

मी इंग्रजीत विचारलं, "नेमकं काय झालं, सांगाल का?"

त्यांनी एक-दोन शब्द इंग्रजीत जुळवले, थांबल्या, आणि स्वतःशीच पुटपुटल्या, "आता हिला कसं सांगू, बाई!"

मी म्हटलं, "मराठीत सांगा ना, काकू."

त्यांची पर्स खाली पडली.

मग धबधबा सुरू झाला. काकू मूळच्या सांगलीच्या. मुलगी इथे आयटीत. मुलीकडे कायमच्या राहायला आल्या, पण दिवसभर घरात बसून जीव उबगला म्हणून स्वतः हिंडून ही नोकरी मिळवली. मुलीला पसंत नव्हतं. "ती रोज म्हणते, आई, तुला काय कमी आहे? आता हे कळलं तर नोकरी सोडच म्हणेल. आणि हे लोक तर काढतीलच." एवढं बोलून त्यांनी डोळे पुसले. "पण मला सांग, माझं चुकलं काय? पहिल्या दिवशी ट्रेनिंगमध्ये शिकवलं, 'एक्स्पायर्ड' असं कुठेही दिसलं की विचार करत बसायचं नाही. हात वर करायचा, लाल बटण दाबायचं, लाइन बंद. माझ्या टॅबलेटवर आलं 'एक्स्पायर्ड'. मी दाबलं."

मी टॅबलेट मागवला. बघते तर काय, बराच वेळ हात लावला नाही म्हणून ॲपने आपोआप साइन आउट केलं होतं, आणि भलंमोठं वाक्य टाकलं होतं: युवर सेशन हॅज एक्स्पायर्ड. ते वाक्य जगातल्या सगळ्या ॲपमध्ये असतं. मीही न वाचता ठेवून दिलं होतं. औषधाच्या कारखान्यात!

मी इंग्रजीत सगळं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात रोहन उभा राहिला. एरवी मीटिंगमध्ये 'मे बी' आणि 'आय थिंक' लावल्याशिवाय न बोलणारा मुलगा. सुपरवायझरला म्हणाला, "चूक आमची आहे. 'एक्स्पायर्ड' आमच्या ॲपनेच लिहिलं, आणि ते दिसलं की लाइन बंद करा असं तुम्हीच शिकवलंत. ह्यांनी केलं ते बरोबर केलं."

सुपरवायझर काही बोलणार, तर ती ट्रेनिंगवाली बाई म्हणाली, "माझ्या ट्रेनिंगमध्ये सगळे माना डोलावतात. खरंच ऐकणारी ही मला पहिली भेटली." सुपरवायझरने उठून काकूंची पर्स उचलून त्यांच्या हातात दिली.

काकूंची नोकरी राहिली. नुसती राहिली नाही, आता नवीन लोक आले की पहिल्या दिवशी लाल बटण कधी दाबायचं ते काकूच दाखवतात. मुलगीही आता गप्प आहे. आणि आमच्या ॲपमध्ये त्या जागी साधं वाक्य आहे: 'बराच वेळ झाला, पुन्हा साइन इन करा.'

निघताना काकू दारापर्यंत आल्या. रोहनला फार भरून आलं होतं. त्याला मराठीत काहीतरी चांगलं बोलायचं होतं. त्याचं मराठी म्हणजे आईचं ऐकून आलेलं, इंग्रजीतून वाट काढत येणारं. त्याने काकूंचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाला,

"काकू, मी खूप हॅपी आहे, की तुम्ही एक्स्पायर नाही झाल्या!"

काकू म्हणाल्या, "अरे, एवढ्यात नाही होत!"

*

पुढचा मी पॉटलकमध्ये सहसा सांगत नाही.

ॲपमध्ये हातातली सगळी कामं संपली की स्क्रीनवर रंगीत कागदांचा पाऊस पडायचा आणि वाक्य यायचं, 'वा! सगळी कामं फत्ते! तू स्टार आहेस!' हे माझं वाक्य. मला आवडायचं. कंपनीत पण सगळ्यांना आवडायचं.

आम्ही एका नर्सिंग होममध्ये गेलो. तिथे ग्रेस नावाची एक मदतनीस होती. घानाहून आलेली, शांत, हळू बोलणारी. मार्कसने तिला नेहमीचा प्रश्न विचारला, "ॲपमधलं काही खटकतं का?"

तिने फोनमधला एक स्क्रीनशॉट काढून दाखवला. रंगीत कागद. वा. सगळी कामं फत्ते.

"हे त्या दिवशीचं आहे, ज्या दिवशी तेरा नंबरचे आजोबा गेले," ती म्हणाली. "दोन वर्षं मी त्यांना रोज सकाळी भरवत होते. ते गेले, नर्सने त्यांच्या नावाची कामं बंद केली, आणि माझ्या फोनवर हे आलं. आणि लगेच खाली, पुढची खोली, सोळा नंबर."

मग तिने विचारलं, "हे कोण लिहितं, तुम्हाला माहीत आहे का?"

मी म्हटलं, "मी."

मला वाटलं, आता ती रागावेल. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फक्त मान हलवली. "तुला माहीत नव्हतं."

ट्रॉयला परत आले आणि त्या जागी काय लिहावं म्हणून तीन दिवस बसले. सांत्वनाची अकरा वाक्यं लिहिली. एकेक मोठ्याने वाचून बघितलं. सगळी फुलांच्या दुकानातल्या कार्डासारखी! शेवटी ग्रेसलाच फोन केला. "तूच सांग, काय लिहू?"

"काही लिहू नकोस," ती म्हणाली. "मला लगेच सोळा नंबरला पाठवू नकोस. बस."

मी रोहनला सांगितलं. रंगीत कागद तर त्याने त्याच दिवशी काढून टाकले. पण कुणी गेलं की त्यांना बघणाऱ्या माणसाला पंधरा मिनिटं नवीन काम द्यायचंच नाही, ह्यासाठी तो महिनाभर भांडला. वरचे लोक म्हणाले, नर्सिंग होमवाले मान्य करणार नाहीत. तर त्या नर्सिंग होमच्या मुख्य नर्सने स्वतः पत्र लिहिलं, की आम्हाला हे हवंय.

शेवटच्या मीटिंगमध्ये एका साहेबांनी यादी बघत विचारलं, "आणि हे नवीन फीचर करतं काय?"

रोहन म्हणाला, "काहीच नाही. पंधरा मिनिटं ते काहीच करत नाही."

ते मंजूर झालं.

*

रे हा आमच्या जवळच्याच एका कारखान्यातला प्रेस ऑपरेटर, म्हणजे पत्रा दाबायचं मशीन चालवणारा. ड्यूटीवर फोन लॉकरमध्ये ठेवायचा नियम. दहा मिनिटांच्या ब्रेकमध्ये लॉकर उघडून स्क्रीनकडे नजर टाकायची, एवढंच. त्याने मुलीच्या ग्रॅज्युएशनसाठी शनिवारची रजा मागितली होती. मुलगी नर्स होत होती, घरातली पहिली पदवी. ब्रेकमध्ये त्याने लॉकर उघडला, तर स्क्रीनवर आमचा मेसेज. मराठीत सांगायचं तर असा: 'आपण शनिवारकरिता केलेल्या रजेच्या विनंतीसंदर्भात आपणांस कळविण्यात येते की...'

आणि तिथे जागा संपली!

उघडून वाचावं तर पासवर्ड आठवेना. ब्रेक संपला. बिचारा चार तास 'कळविण्यात येते की'वर मशीन चालवत होता! रजा मंजूर झाली होती, पण ते त्याला संध्याकाळी कळलं.

ते सरकारी वाक्य मीच लिहिलेलं. मला वाटायचं, रजेचा विषय, जरा अदबीने बोलावं. आता तो मेसेज असा येतो: 'हो. शनिवारी सुट्टी.' किंवा 'नाही,' आणि त्यापुढे लगेच कारण. पहिला शब्दच उत्तर.

रेने आम्हाला मुलीचा पदवीची टोपी घातलेला फोटो दाखवला आणि म्हणाला, "एकोणतीस वर्षं झाली इथे. कंपनीने मला एका शब्दात 'हो' म्हटलेलं पहिल्यांदाच बघितलं!"

*

आता शेवटचा. पावभाजी तशी पण गार झालीच आहे.

स्टेट कॉलेज नावाच्या गावात विद्यापीठाच्या इमारती साफ करणारी एक कंत्राटी कंपनी आमचं ॲप वापरते. तिथे वॉल्टर म्हणून एक सफाई कामगार आहे. सत्तरीला टेकलेला, उंच, सगळे विद्यार्थी त्याला नावाने ओळखतात. मार्कसने त्याला ॲप दाखवलं की तो हसून म्हणायचा, "चष्मा विसरलो रे. तूच वाच." आणि मार्कसने वाचलं की असे नेमके मुद्दे काढायचा की आम्ही लिहून घेताना दमायचो.

तिसऱ्या वेळीही चष्मा विसरला होता. गाडीत बसल्यावर मार्कसने इंजिन सुरू केलं, परत बंद केलं. मग म्हणाला, "माझे मोठे काका असेच आयुष्यभर चष्मा विसरायचे."

मला कळायला एक मिनिट लागलं.

आम्ही वॉल्टरला काहीच बोललो नाही. प्रत्येक मेसेजशेजारी एक छोटा स्पीकर लावला. दाबला की मेसेज मोठ्याने वाचून दाखवतो. सगळ्यांच्या फोनवर लावला, म्हणजे तो एकट्यासाठी आहे असं कुणाला वाटणार नाही. आणि झालं असं की सगळेच वापरायला लागले. हातात मॉप असला की ऐकणं सोपं!

गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही परत गेलो. काम संपलं. मार्कस गाडी आणायला गेला. वॉल्टर माझ्याजवळ आला, इकडेतिकडे बघितलं आणि विचारलं, "तो स्पीकर फक्त ॲपमधलंच वाचतो? की हातानं लिहिलेलं पण वाचतो?"

"हातानं लिहिलेलं नाही वाचत. का?"

त्याने पाकीट काढलं. त्यातून एक घडी घातलेला कागद काढला. घड्यांवर तो जवळजवळ फाटला होता. "माझ्या बायकोचा आहे. ती गेल्यावर तिच्या कोटाच्या खिशात सापडला. नऊ वर्षं झाली." मग म्हणाला, "मला वाचता येत नाही. हे तिला माहीत होतं. फक्त तिलाच. माझी सगळी पत्रं तीच वाचायची. मग हा कुणाला दाखवणार? काहीतरी माझ्यासाठी लिहिलेलं असेल तर? आमच्या दोघांतलं काहीतरी?"

"मी वाचू?"

त्याने कागद माझ्या हातात दिला आणि समोरच्या झाडाकडे बघत उभा राहिला.

पेन्सिलने लिहिलेलं होतं, घाईत. मी आधी मनात वाचलं. मग मोठ्याने वाचलं, जसं होतं तसं.

"दूध. ब्रेड. मांजराचं खाणं. पोर्चचा बल्ब."

मी थांबले. तो म्हणाला, "पुढे?"

"पीच. चांगले पिकलेले. वॉल्टसाठी."

वॉल्टरचे खांदे हलायला लागले. मी घाबरले, जवळ गेले, तर तो हसत होता. हसत होता आणि हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसत होता.

"मला पीच आवडत नाहीत," तो म्हणाला. "कधीच आवडले नाहीत. एकतीस वर्षं संसार केला, पण मी तिला सांगितलंच नाही!"

त्याने कागद माझ्या हातातून घेतला, त्याच जुन्या घड्यांवर हळूच मिटला आणि पाकिटात ठेवला. मार्कसची गाडी आली. वॉल्टरने घड्याळात बघितलं आणि मला विचारलं,

"तुम्ही फळांच्या दुकानाच्या बाजूनेच जाताय ना? मला तिथे सोडाल?"